पुण्यातून एका दिवसासाठी कुठे जावं? पाच मुलं, सगळी पाचच्या आतली

चाफेकळी
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटी नणंद नागपूरहून पंधरा दिवस माहेरपणाला येतेय. तिची जुळी मुलं अडीच वर्षांची. जावेची मुलगी तीन वर्षांची, माझी लेक चार वर्षांची आणि माझा मुलगा आठ महिन्यांचा. मोठ्यांत मी, नवरा, दीर, जाऊ, नणंद आणि साबा (सासूबाई). साबांचे गुडघे दुखतात, फार पायऱ्या जमत नाहीत. आम्ही कोथरूडला राहतो.

ही पाचही भावंडं पहिल्यांदाच एकत्र येणार आहेत, म्हणून एक रविवार सगळ्यांनी मिळून बाहेर घालवायचं मी मनावर घेतलंय. दीर म्हणतात सिंहगड. नवरा म्हणतो पानशेत. नणंदेला केतकावळ्याच्या बालाजीला जायचंय. साबा म्हणतात, "पोरं लहान आहेत, घरीच बसा, मी पुरण घालते." माझ्या मनात कात्रजचं प्राणिसंग्रहालय आहे. एक मोठी गाडी सांगून सगळे त्यात बसू, असं चाललंय.

आणखी एक गोष्ट मनात आहे, ती इथेच बोलते. मागच्या वर्षी असंच गेलो होतो, तेव्हा दोनच मुलं होती. घरी आल्यावर पुरुषमंडळी म्हणाली, काय छान दिवस गेला! आणि मी नि जाऊ एकमेकींकडे बघत राहिलो, कारण आम्हा दोघींना त्या दिवसात काय पाहिलं ते सांगताच येईना. या वेळी तसं व्हायला नको आहे. कुठे जावं आणि कसं जावं, दोन्ही सांगा.

गोदाकाठ
कात्रजला जाणार असाल तर बुधवारी बंद असतं, तुमचा रविवार आहे म्हणजे प्रश्न नाही. पण जागा सुमारे १३० एकरांची आहे, तलावासकट. आत बॅटरीवरच्या गाड्या असतात, साबांना त्यांचा उपयोग होईल. रविवारी त्यासाठी रांग लागते. सकाळी उघडल्या उघडल्या जा. दुपारी प्राणी सावलीला जाऊन पडतात आणि मुलं कडेवर येतात.

माझी भाची तीन वर्षांची असताना आम्ही गेलो होतो. वाघ समोर होता. ही बाई पाठ करून माळीकाका पाइपने पाणी मारत होते ते बघत उभी. घरी आल्यावर आजीला सांगितलं, "काकांनी झाडांना आंघोळ घातली!" वाघाचं नावही नाही.

सह्यवेडा
सिंहगडाला माझं मत. गाडी वरपर्यंत जाते, थंडीत हवा सुरेख असते, पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत, मडक्यातलं दही. लहानपणी मातीत पडल्याशिवाय मुलांना गडाची गोडी लागत नाही. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना पाठीवर घेऊन गेलोय.

पाऊलवाट
@सह्यवेडा, एक मूल पाठीवर घेणं वेगळं आणि पाच मुलं वेगळी. गाडीतळापासून पुढे पुणे दरवाजाच्या पायऱ्या आहेतच, साबांचं काय करणार? शिवाय रविवारी घाटात गाड्यांची रांग लागली की आत पाच मुलं रडायला एकदम सुरुवात करतात. एकाने सूर लावला की बाकीचे साथीला.

सह्यवेडा
पायऱ्यांचं लक्षात आलं नव्हतं. पटलं.

तिघांची_माय
माझी तीन मुलं आता मोठी आहेत, पण एक दिवस मी विसरू शकत नाही, तो सांगते. कारण 'कसं जावं' याचं माझं उत्तर त्यातच आहे.

एका मोठ्या बागेत आम्ही नऊ मोठी माणसं आणि चार मुलं असे गेलो होतो. नऊ माणसं! मला वाटलं मधला मुलगा त्याच्या बाबांबरोबर आहे, बाबांना वाटलं मामाबरोबर, मामाला वाटलं माझ्याबरोबर. चटईवर डबे उघडले, वाट्या मांडल्या, आणि एक वाटी उरली. तेव्हा कळलं.

सगळे चहूकडे पळाले. सुरक्षारक्षकाने मला विचारलं, "ताई, शर्ट कुठल्या रंगाचा?" आणि मला आठवेना. सकाळी मीच घातला होता, बटणं मीच लावली होती, पण रंग आठवेना. निळा म्हणू की हिरवा? तोंडाला कोरड पडलेली. सापडला तो नळाजवळ. एका फुगेवाल्याने त्याला शेजारी बसवून ठेवला होता आणि त्याच्या हातात न फुगवलेला फुगा दिला होता. शर्ट पिवळा होता.

सात-आठ मिनिटंच गेली असतील. पण त्यानंतर आमच्या घरी दोन नियम झाले. एक, निघायच्या आधी दारात सगळ्या मुलांचा फोटो काढायचा, त्याच दिवसाच्या कपड्यांत. दोन, मुलं माणसांना वाटून द्यायची. 'सगळे लक्ष ठेवू' असं म्हणायचंच नाही. हे मूल तुझं, ते माझं, असं नावानिशी. आणि बदली करायची असेल तर तोंडाने सांगायचं, "आता तू घे", आणि समोरच्याने "घेतलं" म्हणायचं. तुमच्याकडे पाच मुलं आणि सहा माणसं आहेत, त्यातल्या साबांना सोडलं तर अगदी एकास एक येतं.

आजोळ
वर तिघांची_माय यांनी लिहिलंय त्याला +१००. "शर्ट कुठल्या रंगाचा" वाचून काटा आला अंगावर.

नगरी_बोली
डिसेंबर-जानेवारी म्हणजे हुरड्याचे दिवस! मुलांना शेतावर घेऊन या की. आगटीभोवती बसायचं, गरम कणसं हातावर चोळायची, शेंगदाण्याची चटणी, रेवड्या, गूळ, ताक. बैलगाडीतून चक्कर. आमच्या मळ्यात दर वर्षी भाचरं येतात ती दिवसभर शेळीच्या करडामागे असतात. कुठली बाग आणि कुठलं काय?

शिशुगंध
मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं कडक लिहिते, राग मानू नका.

हुरडा मलाही प्रिय आहे, पण अडीच-तीन वर्षांच्या मुलाला कोवळे दाणे मूठभर तोंडात टाकायला देऊ नका, शेंगदाणे आणि रेवड्या तर नकोतच. हसता-पळताना दाणा श्वासनलिकेत जातो. द्राक्षं न्याल तर उभी चिरून न्या. आठ महिन्यांच्या बाळाला आगटीच्या धुरापासून लांब ठेवा.

दुसरं, एक वर्षाच्या आत मध चाटवायचा नसतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण देवळात गेलात की पंचामृत हातावर येतं आणि कुणीतरी प्रेमाने बाळाच्या ओठाला बोट लावतं. पंचामृतात मध असतो. आधीच सांगून ठेवा.

ओआरएसच्या पुड्या घरातून निघतानाच पिशवीत टाका. मोठी पुडी अख्खी १ लिटर पाण्यात, छोटी २०० मिलिलिटरमध्ये, पाकिटावर लिहिलेलं असतं. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात कालवायची नाही.

आणि आता गाडी. एका मोठ्या गाडीत अकरा जण म्हणजे मुलं मांडीवर, हो ना? मांडीवरचं मूल अचानक ब्रेक लागला तर हातात राहत नाही, कितीही घट्ट धरलं तरी. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसनाशिवाय नेलं तर १००० रुपये दंड आहे, पण मी दंडासाठी सांगत नाही. प्रत्येक मुलाला स्वतःची जागा हवी. तशी सोय होत नसेल तर जवळचं ठिकाण निवडा आणि दोन-तीन गाड्यांनी हळू जा.

चाफेकळी
शिशुगंध ताई, राग कसला! मांडीवर बसवायचंच ठरलं होतं. नवऱ्याला वाचून दाखवलं. पानशेत रद्द.

पेठेतले_काका
इतका विचार आमच्या वेळी कुणी करत नव्हतं. १९७८ साली आम्ही सगळी चुलत-आते भावंडं, नऊ मुलं, एसटीने मोरगावला गेलो होतो. स्वारगेटला खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. कुणाला पट्टा नव्हता, कुणाचा फोटो काढला नव्हता. डब्यात धपाटे आणि लसणाची चटणी. आनंदात गेलो, आनंदात आलो. मुलांना जरा मोकळं सोडा. सगळं जपून जपून केलं तर त्यात मजा ती काय?

तिघांची_माय
काका, आनंदात गेला असाल यात शंकाच नाही. मनापासून एक विचारते. त्या नऊ मुलांच्या मागे बायका किती होत्या? आणि त्यांनी मोरगावात काय पाहिलं?

लसूणपात
चर्चा गंभीर होतेय तोवर डब्याचं बघू या का? :) आमच्याकडे प्रवासाला तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दहीभात ठरलेला.

आजोळ
दहीभात दुपारपर्यंत आंबतो हो.

लसूणपात
नाही आंबत, युक्ती आहे. भात मऊ शिजवायचा, निवला की भरपूर दूध घालून कालवायचा आणि वर फक्त चमचाभर दही. जेवायच्या वेळेपर्यंत त्याचा आपोआप दहीभात होतो, गोडसर राहतो. मीठ अगदी खाताना. मोठ्यांसाठी तडका वेगळ्या डबीत, मुलांचा पांढरा राहू द्यायचा.

गोदाकाठ
दुधातल्या दशम्या पण. गूळ घालून केल्या की दोन दिवस मऊ राहतात आणि मुलाच्या हातात दिल्या की अर्धा तास शांतता. आठ महिन्यांच्या बाळाला थर्मासमध्ये मुगाच्या डाळीचं खिमट.

पाऊलवाट
कोरडे कपडे प्रत्येकाच्या वेगळ्या पिशवीत बांधा आणि पिशवीवर नाव घाला. एकाच मोठ्या बॅगेत सगळं भरलं की ओल्या चड्डीच्या मुलाला उभं करून सगळी बॅग उपसावी लागते. एक जुनं सुती लुगडं न्या. अंथरायला, आडोसा करून बाळाला पाजायला, झाडाला बांधून झोळी करायला, सगळ्याला एकच.

परळकर
मुंबईत असतात तर राणीची बाग सांगितली असती. २०१७च्या मार्चपासून पेंग्विन बघायला मिळतात, पण माझी मुलगी काचेपाशी नाक लावून दोन मिनिटं उभी राहिली आणि मग गोरखचिंचेच्या बुंध्याभोवती अर्धा तास पळत बसली. तिच्या दृष्टीने ते झाड म्हणजे हत्तीचा पाय. आम्ही वडाळ्याहून टॅक्सीने गेलो आणि दुपारी बाराला घरी परतलो. जवळ जाणं आणि लवकर परतणं, या दोन गोष्टींमुळे तो दिवस आजही गोड वाटतो.

पर्वतीपायथा
चाफेकळी, परळकरांचं वाचून लिहावंसं वाटलं. लांब कशाला जाता? सारसबाग आणि पेशवे पार्क. दोन्ही एकमेकांना लागून, कोथरूडहून सकाळी पाऊण तास धरला तरी पुरे.

पेशवे पार्कातली फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी, ८ एप्रिल १९५६ ला सुरू झाली. मी तिच्यात बसलेय, माझी मुलं बसलीयत, आता नातू. पूर्वी प्राणीही तिथेच होते, नंतर ते कात्रजला नेले आणि पार्काचं ऊर्जा उद्यान झालं. फुलराणी कधी दुरुस्तीसाठी बंद असते, तेव्हा आदल्या दिवशी कुणालातरी पाठवून चौकशी करा.

आणि तुम्ही डिसेंबरात जाताय! सारसबागेतल्या तळ्यातल्या गणपतीला थंडीत स्वेटर आणि कानटोपी घालतात. लहान मुलांना हे दाखवाच. देवाला थंडी वाजते ही गोष्ट त्यांना आपल्याहून लवकर पटते. 'तळ्यातला' म्हणतात कारण पूर्वी खरंच भोवती तळं होतं आणि देऊळ मधल्या बेटावर. तळं बुजवून बाग केली. नातवाला मी हे सांगितलं तर तो हिरवळीकडे बघून म्हणाला, "मग मासे कुठे गेले?" मला उत्तर देता आलं नाही.

सह्यवेडा
सारसबाग म्हणजे रोजचीच की हो. नागपूरहून आलेल्या पाहुणीला सारसबाग दाखवायची?

पर्वतीपायथा
तुम्हा-आम्हाला रोजची. अडीच वर्षांच्या मुलाला कुठली रोजची?

पेठेतले_काका
तिघांची_माय, तुमच्या प्रश्नाला दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी आईला विचारायचं होतं. ती आता नव्वदीला आली आहे. तिला म्हटलं, आई, मोरगावला आपण सगळे गेलो होतो, आठवतं? म्हणाली, हो. म्हटलं, देऊळ कसं होतं? ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मी आत नव्हते गेले रे. तुझी धाकटी आत्येबहीण झोपली होती मांडीवर, मी बाहेर ओट्यावर बसले होते. मग तुमची जेवणं झाली, मग गाडीची वेळ झाली."

सत्तेचाळीस वर्षं मी ती सहल सांगत आलोय. आई दर्शनाला आत गेलीच नव्हती हे मला परवा कळलं. पुढच्या आठवड्यात तिला मोरगावला घेऊन जातोय. चारचाकीने, पट्टा लावून.

तिघांची_माय
काका, डोळ्यांत पाणी आलं. आईंना माझा नमस्कार सांगा.

आजोळ
दर्शन झालं की इथे नक्की लिहा.

चाफेकळी
आमच्या दिवसाचा वृत्तांत लिहिते. थोडा मोठा होईल.

काल आम्ही सारसबागेत गेलो. केतकावळ्याचा हट्ट नणंदेने स्वतःच सोडला, पंचामृताचं वाचून. दोन गाड्या केल्या, एक आमची आणि एक दिरांच्या मित्राची, बालआसनं मागून आणली. साबा, जाऊ आणि नणंद तिसरीने आल्या, रिक्षाने, आणि साबांना ती सोय इतकी आवडली की येतानाही "आम्ही तिघी रिक्षाने" म्हणाल्या.

निघताना दारात फोटो. पाच मुलं एका ओळीत उभी करायला दहा मिनिटं लागली आणि त्या दहा मिनिटांतच मला वाटलं, आजचा दिवस सार्थकी लागला. जुळ्यांना मुद्दाम भडक केशरी स्वेटर. मुलं वाटून घेतली. चिठ्ठ्या टाकल्या आणि ज्याचं मूल त्याला द्यायचं नाही असं ठरवलं. बाळ दिरांकडे गेलं, माझी लेक नणंदेकडे, जुळ्यांतलं एक नवऱ्याकडे आणि एक माझ्याकडे, जावेची मुलगी जावेकडेच आली म्हणून चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या. साबांकडे डबे.

साडेआठला पोचलो. हिरवळीवर दव होतं. मुलांनी सगळ्यात आधी काय केलं असेल तर बुटांच्या टोकांनी दव उडवलं. मग चपला काढून देवळात. जावेची मुलगी थंडीत टोपी घालत नाही, घातली की काढून फेकते, घरातून निघाल्यापासून तिसऱ्यांदा टोपी उचलली होती. गाभाऱ्यासमोर नवऱ्याने तिला उचलून घेतलं. ती गणपतीकडे बघतच राहिली. मग वळून आईला म्हणाली, "बाप्पाच्या आईने घातली?" जाऊ म्हणाली, हो. मुलीने हात पुढे केला आणि म्हणाली, "माझी दे." दिवसभर टोपी डोक्यावर होती. रात्री झोपतानाही काढू देईना.

फुलराणी चालू होती. दोन फेऱ्या मारल्या. जुळ्यांतला एक शिट्टी ऐकून घाबरला आणि माझ्या कुशीत तोंड खुपसून बसला, दुसरा उभं राहायला बघत होता, त्याला नवऱ्याने गच्च धरलेलं. दुसऱ्या फेरीला घाबरलेलाच "कू" करत होता. साबाही बसल्या. गुडघ्यांमुळे चढताना वेळ लागला, पण मागच्या माणसांनी शांतपणे थांबून घेतलं. बसल्यावर हळूच म्हणाल्या, त्यांना लग्नानंतर पहिल्या वर्षी माझ्या सासऱ्यांनी इथे आणलं होतं. हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एक जुळा चिखलात बसला, वेगळ्या पिशवीचा उपयोग झाला (पाऊलवाट, आभार). माझी लेक आणि जावेची मुलगी एका काठीवरून भांडल्या, साध्या वाळक्या काठीवरून, इतक्या की दोघींना दोन झाडांखाली बसवावं लागलं. बाळ अकराला किरकिरायला लागलं. दिरांनी लुगड्याची झोळी बांधायचा प्रयत्न केला, गाठ सैल बसली, साबांनी येऊन बांधून दिली. मग बाळ दीड तास झोपलं आणि दीर झोका देत शेजारी बसून राहिले. उठून म्हणाले, "वहिनी, मला माहीत नव्हतं की नुसतं बसायलाही इतका वेळ लागतो."

साडेबाराला डबे उघडले, दीडला घराकडे निघालो. दहीभाताचा शेवटचा दाणाही उरला नाही. पाचही मुलं रस्त्यात झोपली.

लसूणपात
बाप्पाच्या आईने घातली! किती गोड. आणि दहीभाताचं वाचून धन्य झाले.

सह्यवेडा
मान्य. रोजची सारसबाग माझ्या मुलाला मी अजून थंडीत दाखवलेली नाही. या रविवारी जातो.

शिशुगंध
ज्याचं मूल त्याला द्यायचं नाही ही चिठ्ठ्यांची कल्पना फार आवडली. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या पालकांना सांगणार आहे.

नगरी_बोली
पुढच्या वर्षी मुलं मोठी होतील, तेव्हा हुरड्याला यायचं. रेवड्या लपवून ठेवतो.

तिघांची_माय
चाफेकळी, सगळं लिहिलंत, पण तुमचा मूळ प्रश्न राहिला. तुम्ही काय पाहिलंत?

चाफेकळी
सांगू का? आधी डब्यांचंच सांगते. बाळ झोळीत होतं, जुळा नणंदेने "आता मी घेते" म्हणून घेतला, मी "दिला" म्हटलं. मग मी आणि जाऊ झाडाला टेकून बसलो आणि जेवलो. पूर्ण जेवलो. मांडीवर कुणी नव्हतं, दोन्ही हात मोकळे होते. समोर पर्वती दिसत होती आणि तिच्यावर ऊन आलं होतं. जावेने मला कोपराने ढोसून ते दाखवलं.